शांततेचा लाभ कोणाच्या पदरात?

ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग असताना, १९८० च्या सुमारास, या जंगलात सुरू झालेल्या संघर्षाला त्यामुळे निर्णायक वळण मिळाले. शासनाने यशाचा आनंद मानला, ते स्वाभाविकच होते. पण लाभ कोणाला झाला, हा हिशेब अशा समारंभाने पुरा होत नाही, असे मला वाटते.

हा हिशेब कसा मांडावा, हे १९९९ च्या कोसोव्होवरून कळते. नाटोने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली. ९ जूनला कुमानोव्होचा करार झाला आणि दोन्ही बाजूंनी विजयाचे ढोल वाजवले. खरे काय, ते युद्धापूर्वीच्या मागण्या आणि युद्धानंतरची प्राप्ती शेजारी ठेवली की दिसते. राम्बुयेच्या मसुद्यात नाटोच्या सैन्याला साऱ्या युगोस्लाव्हियात मुक्त संचार हवा होता. ती अट गळाली. कागदावर सार्वभौमत्वही बेलग्रेडचेच राहिले. प्रत्यक्षात मात्र सर्ब फौजांना कोसोव्हो सोडावे लागले. लाखो अल्बेनियन निर्वासित घरी परतले, तर हजारो सर्बांवर घर सोडण्याची पाळी आली.

गडचिरोलीत हवाई युद्ध झाले नाही की दोन पक्षांत तहही झाला नाही. तरी मोजमाप तेच लावता येते. येथील आदिवासींचे मूळ मागणे काय होते? जंगलावर हक्क, तेंदू-बांबूला रास्त दाम आणि वनखात्याच्या जाचातून सुटका. हीच गाऱ्हाणी पुढे करून नक्षलवादी आले आणि पुढे ‘खबऱ्या’ ठरवून त्याच आदिवासींचे गळे कापू लागले. हक्क मिळाला तो वेगळ्याच वाटेने. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवानेही तिच्या हाती आले.

दुसरीकडे एटापल्ली तालुक्यातील सुरजागड पाहा. तेथे २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी लोहखनिजाची वाहने जाळली होती. २०२१ पासून मात्र खाणीने वेग घेतला. बंदूक हटल्याचा लाभ खाणीला झाला, यात शंका नाही. काहींना रोजगारही मिळाला.

मग आदिवासींच्या पदरात काय? दोन बंदुकांच्या कात्रीतून सुटका. हा लाभ लहान नव्हे. ज्याच्या घरातला माणूस रात्री उचलून नेला गेला, त्याला त्याचे मोल विचारावे. पण मूळ मागणे जंगलाचे होते. आजवर रस्ता, शाळा, दवाखाना अडला की नक्षलवाद्यांकडे बोट दाखवण्याची सोय शासनाला होती. ती सबब आता चालणार नाही. यापुढे खाणीच्या प्रश्नावर ग्रामसभेचा नकार जेव्हा होकाराइतकाच मानला जाईल, तेव्हाच शांतता आदिवासींनीही जिंकली, असे मी म्हणेन.