रिकाम्या कोठडीसमोर कॅमेरा धरताना

पडके वाडे, बुजलेल्या विहिरी, गवतात हरवलेले बुरूज यांचे फोटो काढणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. अलीकडे या यादीत जुन्या तुरुंगांची भर पडली आहे. पोर्ट ब्लेअरला जाऊन आलेला माणूस सेल्युलर जेलच्या लांबलचक व्हरांड्याचा आणि एकामागून एक दूर जाणाऱ्या दारांचा फोटो आणतोच आणतो. गोव्याला गेलेला आग्वादचा आणतो. भिंतीवरचे शेवाळ, उंच झरोक्यातून उतरलेली उन्हाची तिरीप, गंजलेला कोयंडा, असे फोटोला लागणारे सगळे सामान तिथे आयते मांडलेले असते. मी वर्ध्याला पोटापाण्यासाठी लग्नामुंजींचे फोटो काढतो आणि हौसेखातर जुन्या इमारतींचे. त्या तिरिपीचा मोह मलाही होतो. पण वाडा आणि तुरुंग यांत फरक आहे. वाड्यात माणसे आपल्या मर्जीने राहत होती, तुरुंगात ती ठेवली जात होती. हा फरक ध्यानात घेतला की कॅमेऱ्यामागे उभे राहणाऱ्यावर काही बंधने येतात, असे माझे मत आहे.

हे मत वर्ध्याच्या माणसाने मांडायला कारणही आहे. तुरुंगात जाऊन आलेला माणूस म्हणजे कलंकित, असे आमच्या जिल्ह्यात निदान एका पिढीने तरी मानले नाही. जमनालालजी बजाज श्रीमंती घरी ठेवून तुरुंगात गेले. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा पवनारहून गजाआड गेले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली आणि मग धरपकडीचे सत्र सुरू झाले. आजही त्या गावाच्या नावापुढे कंसात 'शहीद' लिहितात. इतकी माणसे आत गेली आणि बाहेर आली, पण त्यांच्या कोठड्यांचे फोटो शोधायला निघालात तर फार थोडे हाती लागतात. सेवाग्रामच्या बापूकुटीचे मात्र किती निघाले असतील, त्याची मोजदाद नाही!

फोटो कुठे काढू नये, हेही आम्हांला सेवाग्रामनेच शिकवले आहे. गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी हा आश्रमातच वाढलेला तरुण. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्याने कॅमेरा घेतला. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, मी तुझ्यासाठी पोज देणार नाही, आणि आश्रम या नादासाठी पैसे देणार नाही. आजच्या कुठल्याही फोटोग्राफरने या अटी ऐकून कॅमेरा परत केला असता. कनूभाईंनी त्या पाळल्या आणि त्यातून गांधीजींच्या अखेरच्या दहा-बारा वर्षांचे असे फोटो उभे राहिले की २०१५ मध्ये त्यांचे स्वतंत्र पुस्तक निघाले.

पण मला त्यांच्या काढलेल्या फोटोंपेक्षा एक न काढलेला फोटो जास्त आठवतो. पुण्याचा आगाखान पॅलेस हा बाहेरून राजवाडा असला तरी १९४२ ते १९४४ या काळात तो तुरुंगच होता. महादेवभाई देसाई तिथेच गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी तिथेच गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. त्या अखेरच्या घटकांचा फोटो घ्यायला बापूंनी कनूभाईंना मनाई केली. इतिहासाच्या दृष्टीने केवढे मोल असते त्या फोटोला! तरीही तो निघाला नाही, आणि ते बरोबर झाले असे मला वाटते. बंदिवासातल्या माणसाकडे स्वतःचे म्हणावे असे फार थोडे उरते, त्यातले शेवटचे काही तरी झाकून ठेवण्याचा हक्क त्याला हवा.

ओस पडलेल्या तुरुंगात 'नको' म्हणायला कोणी शिल्लक नसते. म्हणूनच तिथे जास्त सांभाळून वागायला हवे. मध्यंतरी एका नियोजित जोडप्याने मला गळ घातली. आजकाल लग्नाआधी बाहेरगावी जाऊन फोटो काढायची रीत पडली आहे, त्यांना ते एका जुन्या कचेरीमागच्या बंद पडलेल्या कोठडीत हवे होते. ''काका, तिला गजांच्या आत उभी करा, मी बाहेरून हात धरतो,'' असे मुलाने सुचवले. मुले चांगली होती, त्यांच्या मनात वाकडे काही नव्हते. मी त्यांना धाम नदीच्या काठी पवनारला नेले, फोटोही छान आले. परंतु गजांचा उपयोग नेपथ्यासारखा करावा असे त्यांना वाटले, याचा दोष मी त्यांना देत नाही. त्या कोठडीत कोण होते, हे त्यांना कोणी सांगितले होते? दारावर तर एक पाटीसुद्धा नव्हती.

फोटोची खरी मर्यादा इथे लागते. धुळ्याच्या तुरुंगाचे उदाहरण घ्या. १९३२ साली विनोबा तिथे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या अवधीत दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती भराभर उतरून घेतली. मराठी घराघरांत पोचलेले 'गीता प्रवचने' हे पुस्तक असे तयार झाले. त्या जागेचा आज कितीही सुंदर फोटो काढलात तरी त्यात काय दिसणार? दगड, आभाळ आणि सावली. अठरा रविवार त्यात दिसणार नाहीत. ते फोटोखालच्या दोन ओळींतच येऊ शकतात. जुन्या तुरुंगाचा ओळींवाचूनचा फोटो मी म्हणूनच अर्धा समजतो.

आणि त्या दोन ओळींत नावे कोणाची घालायची, हा आणखी अवघड प्रश्न. पुढाऱ्याच्या कोठडीवर संगमरवरी पाटी लागते, हार पडतो. शेजारच्या कोठडीत भाकरीच्या चोरीसाठी आलेला असेल, दारू गाळताना सापडलेला असेल, किंवा नुसता जातीने संशयित ठरलेला असेल. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी सबंध जमाती गुन्हेगार ठरवण्याची सोय केली आणि तो कायदा १९५२ पर्यंत टिकला. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेचे कुंपण घालून वसाहत केली होती. तिथल्या वस्तीला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. वर्धा जिल्ह्यातल्या पारधी बेड्यांवर आजही पोलिसाची गाडी दिसली की बाया पोरांना आत ओढतात. या माणसांच्या आजे-पणज्यांचे स्मारक कुठल्या तुरुंगात आहे? स्वातंत्र्यसैनिकांचा मान कमी करावा असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण भिंत दोघांची एकच होती.

बाहेरच्या जगात यावर भांडणे झाली आहेत. गोव्याचे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली आग्वादमध्ये ठेवून पुढे पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. सालाझारच्या विरोधकांचा तो कुख्यात तुरुंग. १९७४ च्या क्रांतीनंतर तो रिकामा झाला. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने तो हॉटेलासाठी देण्याचा घाट घातला, तेव्हा जुने कैदी आणि त्यांची मुले-नातवंडे उठली आणि बेत मागे घ्यावा लागला. २०२४ मध्ये तिथे राष्ट्रीय संग्रहालय पुरते उघडले. आपल्याकडे आग्वादचे कैदी २०१५ मध्ये कोलवाळला हलवले आणि २०२१ च्या डिसेंबरात ती जागा संग्रहालय म्हणून खुली झाली. चांगले झाले. मात्र सेल्युलर जेलच्या सात पाकळ्यांपैकी तीनच आज उभ्या आहेत. चारांची जागा गेली, ती कुठल्याही कॅमेऱ्याला परत आणता येणार नाही.

आमच्याकडे आग्वाद नाही, सेल्युलरही नाही. तालुक्याच्या जुन्या कचेऱ्या आणि ठाणी यांच्या पाठीमागे दहा बाय दहाच्या दगडी खोल्या आहेत. काहींत जप्तीच्या सायकली कोंबल्या आहेत, काहींत रद्दी. नवी इमारत मंजूर झाली की आधी याच पाडतात, कारण त्यांना वाली नसतो. माझे म्हणणे इतकेच, की पाडण्याआधी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी इतिहासाची चार-चार मुले तिथे पाठवावीत. महागडा कॅमेरा नको, खिशातला फोन पुरे. फ्लॅश नको, पोज नको. टेप घेऊन लांबी-रुंदी मोजावी, झरोका जमिनीपासून किती उंच आहे ते लिहावे, दार बाहेरून आणि आतून असे दोन्ही बाजूंनी घ्यावे. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, आणि बेड्यावरच्याही, विचारून यावे की इथे कोणकोण होते.

ज्या कोठडीत त्या जोडप्याला फोटो हवे होते, तिथे मी नंतर एकटा गेलो. झरोका माझ्या डोक्याच्या बराच वर होता, छत्री उंच धरली तेव्हा तिचे टोक जेमतेम गजाला लागले. आतल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, रेघा ओढलेल्या होत्या. पाच-पाचांचे झुपके, असे एकोणीस, आणि पुढे तीन सुट्या. तेवढ्याचा एक फोटो घेतला, शेजारी पट्टी धरून. रेघा कोणाच्या, ते विचारायला पुढच्या आठवड्यात परत जायचे आहे. तिथला जुना शिपाई आता लेकीकडे हिंगणघाटला असतो, म्हणे.