मोटार वाचवणारा ब्रेकर माणूस वाचवत नाही



पऱ्हाटीला एक-दोन ओलितं देण्यापुरती विहीर ज्यांच्याकडे आहे, ते रात्रीच्या लायनीची वाट पाहत जागतात. लाईन आली की चिखलाच्या पायांनी पेटीशी जायचे. बैठकांतून आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : "पेटीत ब्रेकर होता, तरी माणसाला करंट लागला. ब्रेकर खोटा होता काय?"

खोटा नव्हता. तो त्या कामाचाच नव्हता.

दुकानात सगळ्यांना 'ब्रेकर' हे एकच नाव, घोटाळा तिथून सुरू होतो. आपल्या पेटीत बहुधा असतो तो एमसीबी. त्याच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी असते. भार जास्त झाला की ती तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्ट झाले तर आतली कॉईल क्षणात खटका पाडते. त्यावर 'सी १६' असे काही छापलेले असते, ते कोणी वाचत नाही. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालताना साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते, पण सुरू होताना सहापट घेते, म्हणजे चाळीस-पन्नास. 'बी' छापाचा ब्रेकर तिपटी-पाचपटीत लगेच पडतो, 'सी' पाच ते दहापटीत. मोटारीवर 'बी' बसवला की तो चालू करतानाच पडणार, मग आपण कंटाळून तार डायरेक्ट करणार. दोष ब्रेकरचा नाही, चुकीचे अक्षर विकणाऱ्याचा.

आता हिशेब करा. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह वाहत राहिला की हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. एमसीबीच्या लेखी माणसातून गेलेला करंट म्हणजे मोटारीच्या भाराचा चिल्लर भाग. तो पडेल कशाला?

माणसासाठी वेगळा ब्रेकर आहे, आरसीसीबी. काही दुकानदार त्याला अजून जुन्या नावाने ईएलसीबी म्हणतात. कापसाची गाडी घरून वजन करून निघाली आणि जिनिंगवर वजन कमी भरले, तर वाटेत कुठेतरी माल गेला हे आपल्याला लगेच कळते. हा ब्रेकर तेच करतो. जाणारा आणि परतणारा प्रवाह जुळला नाही, म्हणजे कुठेतरी जमिनीत किंवा माणसातून गेला, की तो लाईन तोडतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचाच मागा. १०० किंवा ३०० चा आग टाळायला चालतो, जीव वाचवायला नाही. मात्र साध्या आरसीसीबीला ओव्हरलोड आणि शॉर्ट कळत नाही, म्हणून एमसीबी सोबत हवाच. दोन्ही कामे एकात करणारा आरसीबीओही मिळतो.

हा ब्रेकर सारखा पडतो अशी तक्रार येते. विहिरीतल्या केबलचा जोड टेपने गुंडाळलेला असेल तर पडणारच. तो खरे बोलतो आणि आपण त्यालाच काढून फेकतो! जोड बदला, अर्थिंगचा खड्डा ओला ठेवा, महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबा.

सौर पंपवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आपल्या लायनीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ब्रेकरमधली ठिणगी विझते. पॅनलचा डीसी प्रवाह शून्यावर येत नाही. तिथे साधा एमसीबी बसवला तर खटका पडूनही ठिणगी जळत राहू शकते.

आणि डीपी? १०० केव्हीएच्या डीपीवर पूर्ण भाराला १३० अँपिअरच्या पुढे प्रवाह जातो. तिथे मोठा एमसीसीबी नाहीतर नीट मापाचे फ्यूज हवेत. कित्येक गावांत झाकण मोडलेल्या पेटीत जाड तार गुंडाळलेली आम्ही पाहिली. मग धुऱ्यावर तार तुटून पडली तरी लाईन चालूच. आपल्या पेटीतला कोणताही ब्रेकर त्या तारेपुढे कामाचा नाही, कारण ती त्याच्या अलीकडची. म्हणून आमचे मत असे : आरसीसीबी आपण घ्यावा, क्विंटलभर कापसाच्या पैशात तो येऊन वर काही उरतात. पण डीपीची पेटी दुरुस्त करणे हे वीज कंपनीचे काम आहे, ते लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन मागायचे.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या ब्रेकरवरची अक्षरे आणि आकडे कागदावर उतरवून आणा.