खूण न पाडता पारख

पोलादाची हार्डनेस मोजायची तर त्यावर खूण पाडायची, हा कारखान्यांतला जुना रिवाज. ब्रिनेल चाचणी असो वा रॉकवेल, ठसा उमटतोच. म्हणून तपासणी बहुधा नमुन्यापुरती राहते. चुंबकीय पद्धतीत खूण पडत नाही, म्हणून प्रत्येक नग तपासता येतो. पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादात चुंबकीय डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित झालेल्या सूक्ष्म भागांच्या, भिंती सरकताना अडखळतात. त्याचं चुंबकत्व घालवायला सहसा अधिक जोर लागतो. हाइनरिख बार्कहाउझेन यांनी १९१९मध्ये उघड केलेली, भिंतींच्या या अडखळण्यातून उठणारी खरखर आज गिअरवरचे ग्राइंडिंगचे चटके पकडते. मात्र हे माप अप्रत्यक्ष आहे. पोलादाची जात किंवा अंतर्गत ताण बदलला, की आकडा फसवतो. त्यामुळे ठशाने मोजलेल्या, त्याच जातीच्या नमुन्यांवर यंत्र आधी जुळवावंच लागतं. ठसा मोडीत काढू नका. त्याच्या आधारावर चुंबकाला कामाला लावा, ही या अंकाची भूमिका.