दांडा कुणाच्या मापाचा?

गोल्फमध्ये ‘ड्रायव्हर’ म्हणजे मोटार हाकणारा नव्हे. पहिला, लांब पल्ल्याचा फटका मारण्यासाठी पिशवीतून जी सर्वांत लांब काठी निघते, तिला ड्रायव्हर म्हणतात. तिच्या टोकाला मोठे पोकळ डोके असते आणि मुठीपासून त्या डोक्यापर्यंत जाणारा दांडा, तो शाफ्ट. मुळशी तालुक्यात बावधन-लवळ्याच्या टेकड्यांवर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचे अठरा होलचे मैदान आहे. रविवारी सकाळी तिकडे वळणाऱ्या गाड्यांत आपल्या व्यापारी कुटुंबांच्या गाड्याही आता दिसू लागल्या आहेत. खेळ उत्तम आहे, चालणे होते, मोकळी हवा मिळते. मात्र ड्रायव्हर घेताना मंडळी डोके निरखून पाहतात, त्यावरील नाव वाचतात आणि दांड्याकडे दुर्लक्ष करतात. म्हणून आजचा लेख दांड्यावर.

एके काळी हे दांडे हिकरी नावाच्या अमेरिकी झाडाच्या लाकडाचे असत. अमेरिकेतील नियामक संस्थेने १९२४ मध्ये पोलादी दांड्यांना मान्यता दिली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने त्यासाठी १९२९ साल उजाडू दिले. पुढे १९७० च्या सुमारास ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच्या तंतूंचा दांडा आला आणि ड्रायव्हरपुरता तरी पोलादाचा काळ संपला. पोलादी दांडा शंभर ग्रॅमच्या पुढे जाई. ग्रॅफाइटचा दांडा चाळीस ते ऐंशी ग्रॅमच्या दरम्यान मिळतो.

दांड्यावर एक अक्षर छापलेले असते. ‘एल’ सर्वांत लवचीक, मग ‘ए’ किंवा सिनियर, नंतर ‘आर’, त्याहून ताठ ‘एस’ आणि सर्वांत ताठ ‘एक्स’. ढोबळ हिशेब असा: ड्रायव्हर फिरवताना डोक्याचा वेग ताशी ७५ ते ८५ मैल असेल तर सिनियर, ८५ ते ९५ असेल तर ‘आर’, ९५ ते १०५ असेल तर ‘एस’ आणि त्यापुढे ‘एक्स’. परंतु या अक्षरांना सर्वमान्य प्रमाण नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कापडाचा व्यवसाय करणाऱ्यांना हे चटकन उमगेल. एका कंपनीचा ‘एल’ मापाचा सदरा दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’एवढा भरतो, तसेच एका कंपनीचा ‘आर’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एस’इतका ताठ असू शकतो. अक्षर पाहून घेतलेला दांडा म्हणजे केवळ अर्जदाराचा पेहराव पाहून मंजूर केलेले कर्ज. बँकेत आम्ही आधी ताळेबंद मागत असू.

येथे ताळेबंद म्हणजे वेगाचे मोजमाप. लाँच मॉनिटर नावाचे यंत्र डोक्याचा वेग, चेंडू किती अंशांनी उडाला आणि किती फिरकी घेतली, हे सारे सांगते. माझ्या परिचयातील एका धान्य व्यापाऱ्यांना एकसष्टीनिमित्त मुलाने परदेशातून महागडा ड्रायव्हर आणून दिला. दांडा ‘एस’ होता, कारण दूरचित्रवाणीवरील खेळाडू तसाच वापरतात, असे मुलाने ऐकले होते. त्या खेळाडूंचा वेग सरासरी ताशी ११५ मैलांच्या आसपास असतो. वडिलांचा चेंडू जमिनीलगत जाई आणि उजवीकडच्या झुडपांत शिरे. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मैदानावर जाणेच सोडले. ‘आता वय झाले,’ असे ते म्हणत, आणि घरच्यांनाही ते पटले होते. पुढे मुलाच्या आग्रहावरून मोजमाप केले, तेव्हा वेग ७८ मैल भरला. पन्नास ग्रॅमचा सिनियर दांडा बसवला. डोके तेच राहिले. अंतर काही विलक्षण वाढले नाही, पण चेंडू हवेत उंच राहू लागला आणि बव्हंशी सरळ जाऊ लागला. आता पिता-पुत्र पुन्हा एकत्र जातात.

यामागचे शास्त्र थोडक्यात असे. काठी खाली येताना दांडा वाकतो आणि चेंडूला स्पर्श होण्याच्या क्षणी बहुधा किंचित पुढे झुकलेला असतो. त्या झुकण्याने चेंडूला उंची मिळते. हळू फिरवणाऱ्याच्या हाती अतिताठ दांडा झुकत नाही. मग उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू खाली आणि उजवीकडे जाण्याची प्रवृत्ती दिसते. वेगवान माणसाच्या हाती अतिलवचीक दांडा उलट दोष दाखवतो. दांडा चाबकासारखा फटकारून जोर देतो, ही समजूत मात्र बरीचशी भ्रामक आहे. जोर येतो तो वेगातून आणि चेंडू डोक्याच्या मध्यावर लागण्यातून.

म्हणूनच माझ्या मते ताठपणाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष वजनाकडे आणि लांबीकडे द्यावे. नियमानुसार लांबी ४८ इंचांपर्यंत चालते. २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांत ४६ इंचांची मर्यादा घालता येते. दुकानातील ड्रायव्हर बहुधा साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. अनेक नामवंत खेळाडू त्याहून आखूड वापरतात, कारण लांब दांड्याने मध्य साधत नाही. आपला मध्य साधतो की नाही, हे पाहण्यास यंत्रही लागत नाही. पांढऱ्या फळ्यावर लिहिण्याच्या मार्करने चेंडूवर ठिपका द्यावा, तो ठिपका डोक्याकडे करून चेंडू ठेवावा आणि मारावा. डोक्यावर उमटलेली खूण सर्व सांगते. दहा चेंडूंत खुणा विखुरलेल्या असतील तर अर्धा-पाऊण इंच कमी करून पाहावे. दांडा आखूड केला की तो थोडा ताठ भासतो, एवढे ध्यानी असू द्यावे.

मुळशीचा पाऊसही हिशेबात धरावा. आषाढ-श्रावणात जमीन मऊ असते, चेंडू पडतो तेथेच रुततो. जे अंतर मिळायचे ते हवेतच. वैशाखात टणक जमिनीवर तोच चेंडू बराच घरंगळतो. त्यामुळे उन्हाळ्यात खालून जाणारा फटका खपून जातो आणि पावसाळ्यात त्याचे पितळ उघडे पडते. दांड्याची परीक्षा शक्य तो पावसाळ्यातच घ्यावी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. अलीकडच्या बहुतेक ड्रायव्हरमध्ये दांडा एका स्क्रूने डोक्याला जोडलेला असतो, त्यामुळे दांडा बदलण्यासाठी नवा ड्रायव्हर घ्यावा लागत नाही. मात्र जोडणीचा तुकडा प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. दांडा घेण्यापूर्वी तो आपल्या डोक्याला बसतो ना, हे विचारावे, आणि काढलेला जुना दांडा दुकानात न सोडता घरी आणावा. घरातील एखाद्या तरुणाला तो नेमका बसण्याचा संभव असतो.