दुपटीनं विक्री, तरी भाव खाली!

परवा भिशीत एकीने हळूच विचारलं, ‘‘अगं, एफडी मोडून त्या चिपवाल्या अमेरिकन कंपनीत घालू का? भाचा म्हणतोय, नवी चिप आली की पैसे दुप्पट!’’

मैत्रिणींनो, चिप म्हटलं की आपल्याला बटाट्याचे वेफर्स आठवणार! मी तिला एनव्हिडियाची गोष्ट सांगितली. २८ ऑगस्ट २०२४ ला तिचा तिमाही निकाल लागला. विक्री ३० अब्ज डॉलर, वर्षापूर्वीच्या दुपटीहून जास्त. तरी दुसऱ्या दिवशी शेअर सहा टक्क्यांवर घसरला. का? तर गुंतवणूकदारांनी मनात याहून मोठा आकडा धरला होता. त्यात ‘ब्लॅकवेल’ ही पुढची चिप लांबणार अशी कुजबुज होतीच. पोराला ९२ टक्के पडले तरी ९५ का नाहीत म्हणून घरात तोंडं वाकडी, तसंच हे! नव्या चिपची बातमी भाच्याच्या कानी येईपर्यंत ती भावात केव्हाच धरलेली असते.

पुढे तो शेअर सावरला, वरही गेला. तेही मी लपवलं नाही. पण हिची एफडी लेकीच्या फीची, आणि फी जूनमध्ये भरायची.

‘‘भाच्याने स्वतःचे किती घातलेत गं?’’ मी विचारलं.

‘‘त्याला अजून नोकरी कुठे लागलीय!’’