मुकीं मूत्रपिंडें

वैशाखांत चंद्रपुरीं पारा ४५ अंशांपलीकडे गेला कीं घरोघरीं माठ भरतात. परंतु त्यांतील पाणी पोटांत जातें किती, ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. दोन पेले चहा व जेवतांना तांब्याभर पाणी, एवढ्यावर दिवस काढणाऱ्या गृहिणी आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत.

पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. प्रत्येकांत सुमारें १० लाख सूक्ष्म गाळण्या. त्यांतून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो आणि अवघा दीड लिटर बाहेर पडतो. उरलेला पुनः रक्तांत घेतला जातो. खरें कौशल्य, आमच्या मतें, गाळण्यांत नव्हे, परत घेण्यांत आहे.

मूत्राशय कसा भरतो हें सांगतांना सुश्रुतानें गळ्यापर्यंत पाण्यांत बुडविलेल्या नव्या घड्याचा दृष्टांत दिला आहे. बाजूंनीं पाझरून घडा भरावा तसा. दृष्टांत सुंदर, पण शारीर चुकलें. मूत्र दोन नलिकांनीं उतरतें. मुतखड्याविषयीं मात्र त्याचें म्हणणें आजही पटतें: स्वच्छ पाण्याच्या घड्यांतही कालांतरानें गाळ बसतो. घामानें मूत्र घट्ट झालें कीं क्षारांचे खडे धरतात.

मुतखडा निदान ओरडून सांगतो. मधुमेह व रक्तदाब ह्यांनीं होणारा बिघाड बोलत नाहीं. निम्मी शक्ति जाईपर्यंत रक्तांतील क्रिएटिनिन बहुधा वाढलेलें दिसत नाहीं. पुढें यंत्राद्वारें रक्त शुद्ध करणें आलें, तें आठवड्यांतून बहुधा तीनदां, दर वेळीं चार तास. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरांहून दूर. पर्लकोटेच्या पुरानें ती वाट तुटल्याचे प्रसंगही कित्येकदां आले आहेत. तेथील रोग्यानें काय करावें?

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही स्वतःच शहाणपण गमावून बसलों होतों. गुडघेदुखीवर दुकानांतून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेत होतों. त्यांत जुलाब झाले. "मामंजी, जोडे घट्ट कां होतात?" असें सूनबाईंनीं विचारलें, तेव्हां पायांची सूज ध्यानांत आली. डॉक्टरांनीं सांगितलें कीं ही गोळी मूत्रपिंडांस रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकुंचित करिते, आणि अंगांतील पाणी तर आधींच गेलेलें. गोळी सुटली, तीन आठवड्यांनीं रक्त पूर्ववत् झालें.

ज्यांस वैद्यानें पाणी बेतानें पिण्यास सांगितलें असेल, त्यांनीं आमचें ऐकूं नये. इतरांनीं मूत्राचा रंग पाहावा. गडद झाला कीं माठाकडे वळावें. सूनबाईंस आम्हीं विचारलें, "तुम्ही किती पितां?" त्या नुसत्या हंसल्या.