दुकान थाटूया, पण घराची किल्ली देऊन नको



आपल्या संकेतस्थळावर पुस्तकांचे दुकान सुरू करावे, अशी सूचना गेल्या बैठकीत आली आणि बहुतेकांनी ती उचलून धरली. मीही हात वर केला. महाराष्ट्रातल्या छोट्या प्रकाशकांची पुस्तके इथे अमेरिकेत हवी असली, तर अजूनही भारतातून येणाऱ्याच्या बॅगेत जागा शोधावी लागते. ती अडचण आपण दूर करू शकलो तर हवेच आहे. पण "साइट आहेच, डेटाबेस आहेच, सभासदांचे लॉगिनही आहे; चार टेबले वाढवली की झाले," हे वाक्य ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या संस्थेत मी स्वतः हेच वाक्य म्हटले होते.

तिथे काय झाले ते प्रांजळपणे सांगतो. किंमत मी पुस्तकांच्या टेबलात ठेवली आणि ऑर्डरमध्ये फक्त पुस्तकाचा क्रमांक. दिवाळीत किमती बदलल्या आणि जुन्या पावत्यांवरच्या रकमाही आपोआप बदलल्या! वर्षअखेरीस हिशेब जुळेना. खजिनदार ताईंचे दोन रविवार बँकेच्या कागदांत गेले. विक्रीच्या वेळची किंमत ऑर्डरच्या ओळीतच कायमची लिहायला हवी. वाण्याची वही हेच करते, पण मी तिच्याकडून शिकलो नाही.

दुसरी चूक पैशांची. गिऱ्हाईक पैसे भरून आमच्या 'आभारी आहोत' या पानावर परत आले की ऑर्डर पक्की, असे मी धरून चाललो. पण पैसे भरताच कोणी ब्राउझर बंद केला, तर आमच्या लेखी पैसे आलेच नाहीत! एका आजोबांनी बिचाऱ्यांनी दोनदा पैसे भरले. पेमेंट कंपनीचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला परस्पर निरोप पाठवतो, त्यावरच विसंबले पाहिजे. तो निरोप खरा आहे ना हे तपासायचे, आणि तोच दोनदा आला तर पुस्तक दोनदा जाणार नाही हेही पाहायचे.

या चुका निस्तरता आल्या. ताईंनी हिशेब लावला, आजोबांना पैसे परत गेले. तिसरी चूक निस्तरता येत नाही, आणि माझा खरा मुद्दा तोच आहे.

आपल्या डेटाबेसमध्ये सभासदांची नावे, घरचे पत्ते, देणग्या आहेत. दुकान त्यातच घातले की प्रत्येकाच्या नावापुढे त्याने घेतलेली पुस्तकेही येतील. जातीवर, धर्मचिकित्सेवर, लैंगिकतेवर कोण काय वाचतो, याची आयती यादी तयार! २००१ च्या पेट्रिअट कायद्यानंतर वाचकांच्या नोंदी सरकारच्या हाती जाऊ नयेत म्हणून इथल्या ग्रंथपालांनी आवाज उठवला होता. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या आपण त्यांच्याहून ढिले असावे का?

"आपली विक्री ती किती, कोण चोरणार?" असे कोणी म्हणेल. पण यादी छोटी असली की माणूस ओळखणे सोपेच होते. आणि चोरीला फार अक्कल लागत नाही. शोधाच्या चौकटीत लिहिलेला मजकूर कोडने तसाच क्वेरीत चिकटवला, तर त्या चौकटीतून थेट डेटाबेसला हुकूम सोडता येतो. हार्टलँड पेमेंट सिस्टिम्समधली चोरी जानेवारी २००९ मध्ये उघड झाली, ती याच वाटेने झाली होती. त्या प्रकरणाच्या आरोपपत्रात हार्टलँड आणि इतर कंपन्या मिळून १३ कोटींहून जास्त कार्ड क्रमांकांचा उल्लेख होता. आपली जुनी पाने तर आपणच, कार्यकर्त्यांनी, रात्री जागून लिहिली आहेत.

तेव्हा दुकान जरूर करू, पण त्याचा डेटाबेस वेगळा, त्याचे खाते वेगळे, आणि त्याची किल्ली जुन्या पानांकडे नाही. खरेदीला लॉगिनची सक्ती नको; सभासदांना सवलत द्यायची तर एक कूपन पुरते. कार्ड क्रमांक पेमेंट कंपनीच्या पानावरच भरला जावा, आपल्या सर्व्हरवर क्षणभरही नको. पार्सल पोचून परतीची मुदत संपली की कराच्या हिशेबाला लागेल तेवढेच ठेवून बाकी पुसून टाकावे. आणि हो, संस्था करमुक्त असली म्हणजे विक्रीकर सुटला असे नाही. २०१८ च्या वेफेअर निकालापासून परराज्यातल्या विक्रीवरही, उलाढाल मोठी झाली तर, कर गोळा करावा लागू शकतो. हे आधी जाणकाराला विचारू.

"मग एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारातच का विकू नये?" तांत्रिक कटकट वाचेल, हे मान्य. पण मग कोण काय वाचतो हे त्या बाजाराला कळेल, आणि छोट्या प्रकाशकाच्या तुटपुंज्या पैशांतून दलालीही जाईल.

माझ्या पद्धतीने काम जास्त आहे. दिवाळीला नाही, तर संक्रांतीला दुकान उघडेल. उशीर झालेले पुस्तक वाचक आनंदाने वाचेल. फुटलेली यादी मात्र परत गोळा करता येत नाही. पुढच्या बैठकीत हात वर करण्याआधी याचा विचार व्हावा, ही विनंती.